टोकियोतली ‘दहावी’ : खासगी हायस्कूलच्या प्रवेशाचं आमचं वर्ष

मार्च २०२४ मध्ये आमच्या लेकीचा टोकियोतल्या एका खासगी हायस्कूलमध्ये प्रवेश पक्का झाला. तेव्हापासून निशिकासाई आणि आसपासच्या मराठी घरांतून अधूनमधून फोन येतात, ‘तुम्ही नेमकं काय केलंत?’ फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी सुटतं, म्हणून सगळं ओळीनं लिहून काढलंय. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. शाळेगणिक अटी बदलतात आणि आमच्या शाळेची अट तुमच्या उपयोगाची नाही.

हे लिखाण ज्यांची मुलं जपानी सरकारी शाळेत शिकतात त्यांच्यासाठी आहे. आमच्या भागात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, तिथल्या मुलांचा रस्ता वेगळा. आमची लेक दुसरीत असताना आम्ही इथे आलो आणि तिला घराजवळच्या जपानी प्राथमिक शाळेत घातलं. तिथून सहावीनंतर आपोआप वॉर्डाच्या ‘चुगाक्को’त, म्हणजे सातवी ते नववीच्या शाळेत गेली. तिथपर्यंत प्रवेशाची काही भानगड नसते. नववी संपली की सक्तीचं शिक्षण संपतं आणि पुढे सरकारी असो की खासगी, हायस्कूलला परीक्षा देऊनच जावं लागतं. तरी जवळजवळ सगळी मुलं जातात.

सांगलीहून सासूबाई दर रविवारी विचारायच्या, ‘बोर्डाची तारीख लागली का गं?’ इथे बोर्ड नाही, हे त्यांना मी वर्षभर सांगितलं आणि वर्षभर त्यांनी तेच विचारलं. खरं म्हणजे त्यांचं काही चुकत नव्हतं. दहावीचं म्हणून घरात जे वातावरण असतं, ते सगळं होतं. फक्त एक ठरावीक परीक्षा नव्हती.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते, कारण मला ते समजायला जून उजाडला. टोकियोतल्या बऱ्याच खासगी हायस्कूलांची परीक्षा फेब्रुवारीत असते, पण निकाल बहुतांशी डिसेंबरातच लागलेला असतो. तो लागतो दोन शिक्षकांच्या बोलण्यात, आणि त्या खोलीत पालकांना जागा नसते.

एप्रिल २०२३ मध्ये लेक चुगाक्कोच्या तिसऱ्या वर्षात, म्हणजे नववीत गेली. जूनमध्ये शाळेच्या जिममध्ये पालकांची माहितीसभा झाली. घडीच्या खुर्च्या, घरून आणलेल्या सपाता आणि तीस पानी पुस्तिका. मला जपानी बोलता येतं, वाचताही बऱ्यापैकी येतं, पण त्या पुस्तिकेतल्या शब्दांपुढे हात टेकले. मग शेजारी बसलेल्या जपानी आईनं पेन्सिलीनं एका शब्दाभोवती गोल केला आणि म्हणाली, ‘एवढं कळलं की झालं.’ तो शब्द होता ‘नाईशिन’.

नाईशिन म्हणजे शाळेनं नऊ विषयांना दिलेले १ ते ५ गुण. जपानी, गणित, इंग्रजी, विज्ञान आणि समाजशास्त्र हे पाच मुख्य विषय. त्यांच्या जोडीला संगीत, चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि तंत्र-गृहविज्ञान. एकूण ४५. तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राअखेरचे हे गुण पुढे जातात. खासगी हायस्कूलं आपली अट याच गुणांत सांगतात, ‘पाच विषयांत अमुक किंवा नऊ विषयांत तमुक’. सरकारी हायस्कूलला, म्हणजे ‘तोरित्सु’ला, १००० गुणांपैकी ७०० लेखी परीक्षेचे आणि ३०० नाईशिनचे असतात. तिथे संगीत, चित्रकला वगैरे चार विषयांचे गुण दुप्पट धरतात. म्हणजे कोरसमधला सूर आणि बास्केटबॉलमधला पास यांना गणितापेक्षा जास्त वजन! नवऱ्याला हे पटेचना. आयुष्यभर ‘पीटीचा तास म्हणजे गणिताचा जादा तास’ असं शिकून आलेल्या माणसाला ते पटणार तरी कसं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात रोज संध्याकाळी रेकॉर्डर, म्हणजे शाळेतली बासरी, वाजायचा, तोही जेवणाआधी अर्धा तास. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना मी आधीच जाऊन सांगून आले होते.

जुलैत पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक आलं. जपानी ३, गणित ५, इंग्रजी ५, विज्ञान ४, समाजशास्त्र ३. पाच विषयांचे २०. बाकी चार विषयांचे १४. लेकीच्या मनात जे खासगी हायस्कूल होतं, त्याची अट पाच विषयांत २२ होती. तिनं इंग्रजीची ‘एइकेन’ ही परीक्षा आधीच दिलेली होती आणि त्या प्रमाणपत्राचा एक वाढीव गुण ती शाळा द्यायची. बऱ्याच खासगी शाळा देतात, काही कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) किंवा गणिताच्या अशाच परीक्षांनाही देतात. आपल्या मुलांचं इंग्रजी साधारण बरं असतं, तेव्हा दुसऱ्या वर्षातच एइकेन उरकून घ्या. तिसऱ्या वर्षी वेळ मिळत नाही.

तरी एक गुण कमीच पडत होता.

जुलैअखेर ‘सान्शा मेन्दान’ झालं, म्हणजे मूल, पालक आणि वर्गशिक्षक यांची तिघांची बैठक. पंधरा मिनिटं मिळतात, घड्याळ लावून. मी प्रश्न लिहून नेले होते. पहिलाच विचारला, ‘कुठल्या विषयात एक गुण वाढण्याची जास्त शक्यता आहे?’ सर क्षणभरही थांबले नाहीत, ‘समाजशास्त्र’ म्हणाले. लेकीला चाचणीत सत्तरच्या घरात गुण होते आणि तरी ३ का, हे मला कळत नव्हतं. त्यांनी समजावलं की गुण तीन बाजूंनी पाहतात: ज्ञान, विचार मांडणं आणि शिकण्याची वृत्ती. तिसऱ्या बाजूत ती ‘सी’ होती.

त्यांनी तिची समाजशास्त्राची वही उघडून दाखवली. धड्याच्या शेवटी तासाबद्दल स्वतःचे विचार लिहायला चार ओळींची चौकट असते. लेकीनं प्रत्येक चौकटीत एकच वाक्य लिहिलं होतं, ‘मेजी काळाबद्दल समजलं.’ खाली ‘ताइशो काळाबद्दल समजलं.’ त्याच्या खाली ‘युद्धाबद्दल समजलं.’ सर हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. म्हणाले, ‘हिला समजतं हे मला ठाऊक आहे. पण वहीला ते कळत नाही.’ सप्टेंबरपासून ती चारही ओळी भरायला लागली. भारतातल्या शाळेत काय शिकवतात ते आजीला विचारून त्याच्याशी तुलना करायची. आणि सराव-वही चाचणीच्या दिवशीच जमा करायची, एकही दिवस उशीर नाही. दुसऱ्या सत्रात ३ चे ४ झाले. क्लासवर ओतलेल्या पैशांपेक्षा त्या चार ओळींनी जास्त काम केलं असं मला वाटतं.

क्लासचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. इथल्या क्लासला ‘जुकु’ म्हणतात. नेहमीच्या महिन्याच्या फीखेरीज उन्हाळी वर्गाचे आम्ही १ लाख ९० हजार येन भरले. तेव्हा येनला साधारण पंचावन्न पैसे पडत होते, हिशेब तुम्हीच करा. क्लास गणित-इंग्रजीसाठी लागला नाही, जपानीसाठी लागला. जुनी जपानी भाषा, म्हणजे ‘कोबुन’, आम्हा दोघांनाही शिकवता येणं शक्य नव्हतं. शिवाय तोरित्सुच्या जपानीच्या पेपरात २०० अक्षरांचा निबंध असतो, चौकटींच्या कागदावर उभा लिहायचा. क्लासच्या सरांनी तिला दर आठवड्याला एक लिहायला लावला आणि लाल शाईनं भरून परत दिला. तेवढ्यासाठी पैसे सार्थकी लागले. बाकी वर्ग घ्यायचे की नाही, ते घरातल्या जमाखर्चावर ठरवा. क्लासवाले प्रत्येक ऋतूत नवीन ‘खास वर्ग’ काढतात आणि प्रत्येकाला नाही म्हणताना पालक म्हणून अपराधी वाटतं. आम्ही हिवाळी वर्ग घेतला, नववर्षाचा खास वर्ग घेतला नाही.

ऑगस्ट ते नोव्हेंबर शाळा बघण्यात गेले. प्रत्येक हायस्कूल माहितीसभा घेतं, नोंदणी ऑनलाइन, आणि चांगल्या शाळांच्या जागा खिडकी उघडल्यावर दहा मिनिटांत संपतात. तारीख-वेळ कॅलेंडरवर लावून ठेवा. जाताना सपाता आणि बुटांसाठी पिशवी लागते. सभेनंतर ‘वैयक्तिक सल्ला’ म्हणून टेबलं मांडलेली असतात आणि लोक दमून निघून जातात, पण कामाचं तिथेच असतं. प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स घेऊन बसलं की समोरचे शिक्षक आकड्यांवर बोट ठेवून सांगतात, हे चालेल, हे चालणार नाही. अटींची छापील चिठ्ठीही मिळते. त्यात बारीक अक्षरांत दोन गोष्टी असतात: नऊ विषयांत कुठेही २ किंवा १ नको, आणि गैरहजेरी अमुक दिवसांच्या आत.

ही गैरहजेरी आपल्या लोकांना महागात पडू शकते. लग्न, मुंज, दिवाळी, कुणाचं आजारपण, आपण दोन आठवडे सुट्टी टाकून निघतो आणि शाळाही काही बोलत नाही. पण ते दिवस नोंदले जातात. लेक दुसऱ्या वर्षात असताना आम्ही फेब्रुवारीत पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. तिचे दिवस अटीत बसत होते, तरी मी सल्ल्याच्या टेबलावर ते मोजून दाखवले आणि ‘चालेल’ असं स्पष्ट वदवून घेतलं. चुगाक्कोच्या तिन्ही वर्षांत भारतवारी उन्हाळी सुट्टीतच करा. पावसाळा असतो, आंबे संपलेले असतात, हे सगळं मान्य.

आता हायस्कूलच्या अर्जांचे प्रकार. यात फोनवर सर्वांत जास्त गोंधळ होतो. ‘तानगान’ म्हणजे फक्त याच शाळेत येईन असा शब्द द्यायचा. शिफारशीची ही परीक्षा टोकियोत २२ जानेवारीपासून असते, बहुधा मुलाखत आणि छोटा निबंध, आणि अटही थोडी सैल. ‘हेइगान युगू’ म्हणजे माझी पहिली पसंती सरकारी शाळा आहे, ती मिळाली नाही तर नक्की तुमच्याकडे येईन. ही परीक्षा १० फेब्रुवारीपासून. अट थोडी कडक, पण अट पूर्ण असेल आणि शाळेनं आधी होकार दिला असेल तर नापास होणं दुर्मीळ. काही शाळांत परीक्षेचे गुणही नीट मोजतात, तेव्हा हे सल्ल्याच्या टेबलावर विचारून घ्या. तिसरा प्रकार म्हणजे कसलाही शब्द न देता सरळ परीक्षा द्यायची आणि गुणांवर काय होईल ते होईल. नदी ओलांडून चिबा प्रांतातल्या खासगी शाळांकडे जाणार असाल तर तिथे परीक्षा १७ जानेवारीपासूनच सुरू होतात. शेजारच्या सायतामा प्रांतात पालकांना स्वतः शाळेत जाऊन गुण दाखवावे लागतात. टोकियोत मात्र हे बोलणं शिक्षक करतात.

२६ नोव्हेंबरच्या रविवारी इंग्रजी बोलण्याची सरकारी परीक्षा झाली, ‘ईसॅट-जे’. टॅबलेट, कानांवर जाड इअरमफ, आणि एका खोलीत सगळी मुलं एकदम बोलतात. तोरित्सुमध्ये तिचे २० गुण वर मिळवतात. लेकीनं बाहेर येऊन सांगितलं की मागच्या मुलाचं उत्तर तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरी तिघांची बैठक. दुसऱ्या सत्राचे गुण तेव्हा तात्पुरते सांगतात: पाच विषयांचे २१, नऊ विषयांचे ३६. वाढीव एक धरून २२. अट पुरी झाली. नेमक्या त्याच आठवड्यात टोकियोच्या राज्यपाल कोइके यांनी जाहीर केलं की खासगी हायस्कूलच्या फीसाठीच्या मदतीला असलेली उत्पन्नाची मर्यादा पुढच्या वर्षीपासून काढणार. तोवर ती साधारण ९१ लाख येन वार्षिक उत्पन्नाची होती आणि आम्ही तिच्या थोडे वर होतो. नवऱ्यानं त्या रात्री जेवताना हिशेब मांडला. फीचा प्रश्न सुटतोय, मग तानगान करून जानेवारीतच मोकळं का होऊ नये? फेब्रुवारीपर्यंत घरात सगळ्यांनी श्वास रोखून कशाला बसायचं?

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तानगानची अट २१ होती, म्हणजे आरामात बसत होतं. पण लेकीचं मन एका तोरित्सुवर होतं. सायकलनं जाता येईल अशी शाळा, आणि तिथला खगोल क्लब तिनं सप्टेंबरात शाळेच्या जत्रेत पाहिला होता. ती म्हणाली, ‘बाबा, मला एकदा परीक्षा तर देऊ दे.’ दोन दिवस घरात थोडी धुसफुस झाली आणि तिच्या मनासारखं ठरलं. हेइगान युगू.

१५ डिसेंबरला, शुक्रवारी, चुगाक्कोचे शिक्षक खासगी हायस्कूलांत जातात. हा दिवस सगळ्या टोकियोत ठरलेला आहे. प्रत्येक मुलाचे गुण, गैरहजेरी, प्रमाणपत्रं एका कागदावर घेऊन जायचं, समोरच्या शिक्षकांनी पाहून होकार द्यायचा. मी त्या दिवशी ऑफिसात होते आणि फोन उलटा ठेवला होता. कुणी फोन करणार नव्हतंच, तरी. सोमवारी दुपारी सरांनी लेकीला वर्गाबाहेर बोलावून सांगितलं, ‘होकार मिळाला.’ तिनं घरी येऊन दप्तर टाकलं आणि पहिल्यांदा विचारलं, ‘आज पोहे आहेत का?’

यातून मुलाचा अभ्यास सुटला असं समजू नका, पण पालकांची झोप परत येते.

जानेवारी कागदपत्रांचा महिना. खासगी शाळेचा अर्ज ऑनलाइन, फोटो अपलोड, परीक्षा-फी २० हजार येन कार्डावर. इथे आमचं नाव आडवं आलं. आडनाव आणि नाव एवढेच दोन रकाने, त्यात अक्षरांची मर्यादा. निवास कार्डावर लेकीचं नाव रोमन लिपीत आणि मधे वडिलांचं नाव. चुगाक्कोच्या दाखल्यावर कातकाना या जपानी लिपीत, मधलं नाव नाही. कुठलं लिहायचं? मी खासगी शाळेच्या कार्यालयात फोन केला. पहिल्यांदा एकानं सांगितलं कार्डाप्रमाणे लिहा, दुसऱ्या दिवशी दुसरीनं सांगितलं चुगाक्कोच्या दाखल्याप्रमाणे. शेवटी वर्गशिक्षकांनी स्वतः फोन करून ठरवलं: दाखल्याप्रमाणे, आणि शेऱ्याच्या रकान्यात कार्डावरचं नाव. हे काम नाताळच्या सुट्टीआधीच करून घ्या, कारण अर्जाची खिडकी उघडल्यावर सगळेच घाईत असतात. फोटोही आधी काढून ठेवा, शाळेच्या गणवेशात.

चुगाक्कोकडून मिळणारा गुणांचा दाखला, ‘चोसाशो’, दोन आठवडे आधी फॉर्म भरून मागावा लागतो. तो बंद पाकिटात मिळतो. पाकीट फोडलं तर तो बाद, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसवा. मग तो साध्या रजिस्टर पोस्टानं हायस्कूलला पाठवायचा, पाचशे येनच्या आत काम होतं. पावती जपून ठेवा. तोरित्सुचाही अर्ज आमच्या वर्षी ऑनलाइन होता आणि फी फक्त २,२०० येन. खासगीच्या २० हजारांपुढे तो आकडा बघून नवऱ्यानं पुन्हा एकदा पडताळला.

जानेवारीतल्या एका रविवारी कामेइदोच्या तेन्जिन देवळात गेलो. सुगावारा नो मिचिझाने या नवव्या शतकातल्या विद्वानाचं हे देऊळ, विद्येचा देव म्हणून परीक्षेच्या मोसमात तुडुंब गर्दी. लाकडी पाट्यांवर मुलांनी शाळांची नावं लिहून टांगलेली, एकावर एक इतक्या की खालची दिसत नाही. लेकीनं पाटी लिहिली आणि मला वाचू दिली नाही. घरी गणपतीपुढे तर रोजचं चालूच होतं. दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं.

५ फेब्रुवारीला टोकियोत जोराचा बर्फ पडला. संध्याकाळी गाड्या रखडल्या, नवरा रात्री उशिरा ओल्या बुटांनी घरी आला, आणि आम्ही दोघं दहा तारखेचा हवामान अंदाज बघत बसलो. बर्फात गाडी उशिरा आली तर स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो आणि शाळा वेळ वाढवून देतात, पण परीक्षेच्या सकाळी मुलाला ते ऐकायचं नसतं. पर्यायी मार्ग आधीच एकदा प्रत्यक्ष करून बघा, त्याच वेळच्या गाडीनं. आम्ही एका शनिवारी करून पाहिला होता.

१० तारीख शनिवार होती. जपानी, गणित, इंग्रजी, प्रत्येकी ५० मिनिटं, मग मुलाखत. सूचनापत्रात बारीक नियम होते: अक्षरं किंवा नकाशा छापलेले कपडे नकोत, सूत्रं असलेल्या पेन्सिली नकोत. लेकीच्या आवडत्या स्वेटशर्टावर इंग्रजी वाक्य होतं, तो घरीच राहिला. डब्यात मेथीचे ठेपले आणि बटाट्याची सुकी भाजी दिली, कारण रोजचंच द्यायचं होतं. इथे परीक्षेच्या दिवशी कात्सु, म्हणजे डुकराच्या मांसाचं तळलेलं कटलेट, खाऊ घालण्याची पद्धत आहे, पण डुकराचं मांस आमच्या घरात येत नाही. मुलाखतीची तालीम घरात भरपूर झाली होती: दारावर तीन टकटक, आत येऊन वाकायचं, ‘बसा’ म्हटल्यावरच बसायचं. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘भारतातल्या शाळेशी तुलना करा असं विचारलं आणि मी समाजशास्त्राच्या वहीतलंच सांगितलं.’ दोन दिवसांनी संकेतस्थळावर निकाल आला, उत्तीर्ण. अपेक्षित होता तरी मी पडद्याचा फोटो काढून सांगलीला पाठवला. सासूबाईंचा उलट निरोप आला, ‘किती टक्के?’

आता यातला महत्त्वाचा भाग म्हणजे पैसे. प्रवेश-फी २ लाख ५० हजार येन, भरली की परत मिळत नाही. पण हेइगानच्या मुलांसाठी बऱ्याच शाळा तोरित्सुच्या निकालापर्यंत ती भरण्याची मुदत वाढवून देतात. काही देत नाहीत. शाळा निवडतानाच हे विचारा, नाहीतर सरकारी शाळा मिळूनही अडीच लाखांवर पाणी सोडावं लागेल. आमच्या शाळेची मुदतवाढ आपोआप नव्हती, ऑनलाइन अर्जात एका चौकटीत खूण करायची होती.

तोरित्सुचे अर्ज बंद झाल्यावर कुठल्या शाळेला किती मुलं हे प्रसिद्ध होतं. लेकीच्या शाळेला जागांच्या दीडपटीहून जास्त. फेब्रुवारीच्या मध्यात एकदा अर्ज काढून दुसऱ्या शाळेत टाकता येतो. सरांनी विचारलं, ती नको म्हणाली. त्याच वर्षीपासून तोरित्सुत मुलं आणि मुली यांच्या वेगळ्या जागा पूर्ण बंद झाल्या होत्या, त्यामुळे मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून अंदाज बांधणं क्लासवाल्यांनाही कठीण जात होतं. २१ फेब्रुवारीला पाच विषयांची परीक्षा झाली. निबंध पूर्ण झाला, विज्ञानाचा पेपर लांबला.

१ मार्च, शुक्रवार, सकाळ. शाळेत जायच्या आधी ती तिच्या खोलीत फोन घेऊन बसली. आम्ही स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत होतो. ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘नाहीये.’ नवरा उठून तिच्याजवळ गेला. ती थोडी रडली, मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, ‘उशीर होईल’, आणि डबा घेऊन निघाली. वर्गात काहीजणांचं झालं होतं, काहींचं नव्हतं. अशा सकाळी शाळेत पाठवावं की नाही हा प्रश्न मला पडला होता, पण ती मैत्रिणींबरोबर असल्याचंच बरं झालं. संध्याकाळी सरांचा फोन आला. सांत्वन फार केलं नाही, खासगी शाळेची फी भरण्याची शेवटची वेळ किती वाजता आहे ते आठवणीनं सांगितलं.

फी आम्ही त्याच रात्री भरली. मग खर्चांची रांग: गणवेश सगळा मिळून १ लाख १० हजार, शाळेनं ठरवलेला टॅबलेट ८० हजार, पुस्तकं, बूट, दप्तर, पास. गणवेशाच्या मापाचा दिवस ठरलेला असतो, तो चुकवू नका. मापाच्या दिवशी तिनं आरशात स्वतःला बघितलं आणि स्कर्टऐवजी पँटचा पर्याय आहे का विचारलं. होता. तिथून पुढे तोरित्सुचा विषय तिनं फारसा काढला नाही. मे महिन्यात एकदा म्हणाली, ‘इथे खगोल नाही, पण भूविज्ञान आहे.’

फीची मदत दोन ठिकाणांहून येते आणि दोन्हींचे अर्ज वेगळे आहेत. केंद्राची मदत शाळेमार्फत, एप्रिलमध्येच ऑनलाइन अर्ज, ‘माय नंबर’ हा सरकारी ओळख क्रमांक लागतो. टोकियोच्या मदतीचा अर्ज पालकांनी स्वतः उन्हाळ्यात करायचा असतो, खासगी शाळांसाठीच्या टोकियोच्या प्रतिष्ठानाकडे. शाळा पत्रक देते, पण अर्ज भरत नाही. २०२४ साली दोन्ही मिळून वर्षाला जास्तीत जास्त ४ लाख ८४ हजार येन, तेही फक्त शिकवणीच्या फीपुरते. प्रवेश-फी, इमारत-निधी, सहल-निधी यात धरत नाहीत. मूल आणि पालक टोकियोत राहत असले पाहिजेत, म्हणून मधेच स्वस्त घरासाठी नदीपलीकडे जाण्याचा विचार असेल तर आधी हा हिशेब करा. आणि पैसे लगेच मिळत नाहीत. फी एप्रिलपासून आपल्या खात्यातून जात राहते आणि टोकियोचे पैसे आमच्या खात्यात डिसेंबरात आले. तोवरची तजवीज हाताशी ठेवावी लागते. नियम आणि आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून तुमच्या वर्षाचं पत्रक बघूनच चाला. वॉर्ड ऑफिसातून रहिवासाचा दाखला काढाल तेव्हा कुटुंबातल्या सगळ्यांची नावं असलेला मागा, एकट्या मुलाचा चालत नाही.